नंदीचा खूर

सन एकोणीसशे त्रेचाळीस. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. अंगात रग होती, भरल्या गंगेत उडी टाकून पलीकडे निघत होतो, आणि माझ्या पाठीवर बसून माझी थोरली बहीण सगळा गाव फिरत होती.

हे मी माझ्या हाताने लिहितो आहे. शाळेत दोन यत्ता झाल्या. तिसरीच्या मास्तरांनी छडी उगारली ती मी हवेतच धरली, आणि मग त्यांनी मला बोलावलं नाही की मी गेलो नाही. अक्षर वाकडं आहे. पण ते दुसऱ्याकडून सरळ करून घेणार नाही.

आमचं गाव नेवाशाच्या गंगथडीला. गोदावरीला आमच्याकडे गोदावरी कोणी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. पलीकडच्या काठाला तेव्हा मोगलाई होती, म्हणजे निजामाचं राज्य. गावाचे दोन भाग. वर टेकाडावर पांढरी, जिथे पाटील, देशपांडे, दुकानदार आणि मोठे बागाईतदार राहायचे. खाली घाटाला लागून आमची खालची आळी. आम्ही थोडक्या जमिनीचे कुणबी, दोन-चार घरं नाव चालवणाऱ्या कोळ्यांची, एक कुंभाराचं. पांढरी आणि खालची आळी यांच्या मधून एक ओढा गंगेला मिळायचा. बारा महिन्यांतले दहा महिने त्यात घोट्याएवढंही पाणी नसायचं. वर जायची वाट त्या ओढ्यातूनच, दुसरी नव्हती. म्हणजे तोंडापुढे गंगा, पाठीमागे ओढा, आणि मध्ये आम्ही.

लोक विचारतात, तिथे राहिलातच का? ज्याने विचारावं त्याने मळई बघितलेली नसते. पूर ओसरला की काठाला जो गाळ बसतो ती मळई. तिच्यात नांगर घालावा लागत नाही, शेणखत लागत नाही. हरभरा मुठीने फेकावा आणि वांगी घागरीएवढी निघावीत. आमचा जिल्हा कोरडा. पारनेरकडचे लोक पाण्याच्या एका हंड्यासाठी कोसभर चालायचे आणि आम्ही पाण्यात पाय सोडून भाकरी खायचो. गंगा घर न्यायची आणि शेत द्यायची. शिवाय वर जागा मागितली नव्हती असंही नाही. आमच्या आज्याने मागितली, बापाने मागितली. उत्तर एकच, "पांढरीवर जागा न्हाई." जागा होती. तिथे कडब्याच्या गंजी रचलेल्या असायच्या.

तर अशा ठिकाणी राहायचं म्हणजे पाण्याची खूण लागते. आमची खूण नंदी.

घाटावर महादेवाचं देऊळ, आणि देवळापुढे उघड्यावर काळ्या दगडाचा नंदी. एक पाय मुडपून बसलेला, पुढचा खूर जमिनीला टेकलेला. पाणी नंदीच्या खुराला लागलं की खालची आळी उठवायची. बस, एवढाच नेम. कोणी घातला ठाऊक नाही. आळी उठवायचं काम आमच्या घराण्याकडे होतं. आमचे वडील, त्यांना सगळे आबाच म्हणत, घाटाच्या वरच्या पायरीवर उभे राहून "उठाऽऽ" अशी हाक द्यायचे आणि मग पोरं, गुरं, भांडी, जातं, जे निघेल ते घेऊन आम्ही ओढा ओलांडून वर जायचो. आबांच्या हाकेआधी कोणी बिऱ्हाड बांधत नसे, आणि हाकेनंतर कोणी थांबत नसे. पाटलाच्या शब्दाला वर जो मान, तो खाली आबांच्या हाकेला होता.

आता आक्काचं सांगतो. आक्का म्हणजे माझी बहीण, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. लहानपणी तापात तिचे पाय गेले. आई मेल्यावर तिनेच मला वाढवलं, बसल्या जागेवरून. दारात बसून ती गोधड्या शिवायची. दारासमोर घाट, घाटावर नंदी. दिवसभर ती आणि नंदी एकमेकांकडे बघत बसलेले असायचे. आक्का म्हणायची, "आमी दोघं बी बसकेच. पर त्याला लोक पाया पडत्यात, अन् माझ्या अंगावरून वलांडून जात्यात." तिची जीभ सुईपेक्षा टोकदार. आळीतले बापे तिच्या दारावरून जाताना धोतर सारखं करून जायचे.

पूर आला म्हणजे तिला चालता यायचं नाही. तिला वेळेवर वर न्यायचं, एवढी एकच काळजी आमच्या घराला पावसाळाभर असायची. बाकी सगळं गेलं तरी परत करता यायचं.

त्रेचाळीसच्या दोन वर्षं आधी असं झालं की गंगा चढत होती, आणि पाणी खुराच्या एक वीत खाली असतानाच आबांनी हाक दिली. तीही आक्कासाठी. म्हणाले, हिला न्यायला वेळ लागतो. आम्ही सगळे वर गेलो, आणि गंगा तिथूनच मागे फिरली. नंदीही भिजला नाही. मग काय विचारता! वरच्या गावाला वर्षभराची करमणूक झाली. आबा दुकानात गेले की कोणीतरी म्हणणारच, "काय आबा, गंगा काय म्हनती? बांधू का बिऱ्हाड?" पोरंसुद्धा ओढ्याच्या पलीकडून "उठाऽऽ" करून ओरडायची आणि पळायची.

आबांना ते लागलं. पण त्याहून आक्काला जे लागलं ते वेगळं. वर आम्हाला एका मोठ्या घराच्या गोठ्यात उतरवलं होतं. सकाळी उठून त्या घरची बाई गोठ्यात धार काढायला यायची. पांगळ्या बाईचं तोंड सकाळी सकाळी दिसू नये म्हणून तिने आक्काच्या पुढे गोणपाट टांगलं. आक्का तीन दिवस त्या गोणपाटामागे बसली. तिथून आल्यावर मला एवढंच म्हणाली, "धाकल्या, पुन्यांदा मला तिथं न्यायचं तर मेल्यावर ने."

आबांनी त्या दिवसापासून पक्कं केलं. खूर भिजल्याशिवाय हाक देणार नाही.

त्रेचाळीस सालच्या उन्हाळ्यात पाटलांना नातू झाला. त्यांनी नवस बोललेला होता. नंदी दरसाल गाळात पोटापर्यंत पुरला जातो, खालच्या आळीच्या बाया त्याला हाताने उकरून काढतात, देवाच्या वाहनाने चिखलात बसावं हे बरं दिसत नाही, म्हणून त्याला चौथरा बांधायचा. बोलणं खरंच होतं. कोणाला वाईट वाटण्यासारखं त्यात काही नव्हतं. घडीव दगडाचा, चुन्यात बांधलेला, कमरेएवढा चौथरा झाला. नंदी उचलायचा मान घाट ज्यांचा त्यांना, म्हणजे आम्हाला मिळाला. वाशांना दोर बांधून आम्ही आठ जणांनी त्याला उचलला. पहिला खांदा आबांचा. वर ठेवल्यावर गुलाल उधळला, गुळखोबरं वाटलं. पाटील आबांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "आबा, देव उंच बसला, आता गाव बी उंच जाईल."

आक्का दारातून बघत होती. ती मोठ्याने म्हणाली, "त्याला वर बसिवलं ते झ्याक झालं. आता गंगेला बी सांगून ठिवा, वाईच वरून येत जा म्हनावं."

सगळे हसले. मीही हसलो. आबाही हसले. चेष्टा होती, आणि चेष्टेसारखी ती वाऱ्यावर गेली. आम्ही सगळे अडाणी होतो असं समजू नका. पाण्यावर जगणारी माणसं होतो आम्ही. पण पिढ्यान्‌पिढ्या तोंडात शब्द कोणता, तर "नंदीचा खूर". कोणाच्या तोंडात "जमिनीपासून अमुक इतकं" असं नव्हतं. नजर खुरावर बसलेली, आणि खूर वर गेला तशी नजरही त्याच्याबरोबर वर गेली. देवाची खूण देवाबरोबर चालते असं मनाने धरलं. असली चूक गंगथडीचाच माणूस करू शकतो. दुसऱ्याला ती करताही येणार नाही.

भादवा लागला. पंधरा दिवस झाले, पावसाचा थेंब नव्हता. बाजरी माना टाकत होती. आभाळ असं निळं की डोळे दुखावेत. त्या सकाळी मी बैलांना वैरण टाकत होतो, तेव्हा आक्काने हाक मारली.

"धाकल्या, गंगा तांबडी झाली बघ. वरती लई वतलंय."

आमच्याकडे पूर असाच येतो. पाऊस पडतो नाशकाकडच्या डोंगरात, आणि बुडतो आम्ही, टळटळीत उन्हात. घाटावर गेलो तर पाणी तांबडं, घट्ट, आणि आवाज न करता चढत होतं. फेसाचे पुंजके, उपटलेले बोरू, एक खाट, एक अख्खी कडब्याची पेंढी आणि तिच्यावर बसलेलं कुत्रं. कुत्रं भुंकत नव्हतं. आमच्याकडे बघत बघत खाली गेलं.

आबा वरच्या पायरीवर येऊन बसले. ओढ्यापलीकडे पांढरीच्या गढीवर लोक जमले होते, पूर बघायला. तिथून कोणाचा तरी आवाज आला, "आबाऽऽ, बांधायचं का बिऱ्हाड?" आणि हशा झाला.

आबांनी मान वळवली नाही. "खूर कोरडा हाय," ते म्हणाले. मोठ्याने नाही, आपल्याशीच.

दुपार झाली. पाणी घाटाच्या सगळ्या पायऱ्या गिळून चौथऱ्याच्या बुडाला लागलं. नंदी वर कोरडा ठणठणीत, कपाळावर कालचं कुंकू.

आक्का दारातून म्हणाली, "आबा, पानी नंदीपाशी आलं की वो."

"पाशी आलं. खुराला न्हाई लागलं."

"आवं, मागल्या साली खूर तितंच हुता, जितं आता पानी हाय."

आबा मागे वळले आणि तिच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता समजलं त्यांना. मग म्हणाले, "ठानं हाय ते देवाचं. तो काय आंधळा हाय? पायाशी आलं म्हंजी त्यो सांगंल."

मी म्हणालो, "आबा, बाकीच्यांचं ऱ्हाऊ द्या. मी आक्काला तेवढी पोचवून येतो."

"कुठं पोचवतोस?" आक्काच बोलली. "त्या गोनपाटामागं? मी न्हाई जायची. गंगा फिरली तर पुन्यांदा तोंड दाखवू का त्यास्नी? आबा म्हनतील तवा. भिजू दे खूर."

"आताच तू म्हनलीस ना, पानी पोचलं म्हनून?"

"म्हनले. म्हनायला जीभ हाय मला. जायाला पाय न्हाईत."

मी तिला तशीच उचलून नेऊ शकलो असतो. पण बत्तीस वर्षांच्या बाईला तिच्या मर्जीविरुद्ध पाठीवर टाकायचं म्हणजे तिचं पोतं करायचं. जगाने तिला पोतं समजलं असेल, मी समजलो नाही. तेव्हाही नाही आणि आजही त्याबद्दल मला कोणी बोलू नये.

म्हणून आळी तशीच बसून राहिली. चुली पेटल्या होत्या. कोळ्याची बायको मासे चिरत होती. तिचा नवरा, ज्याला आम्ही नावाडीकाका म्हणायचो, आबांच्या शेजारी बसून तंबाखू मळत होता. त्याची नाव पलीकडे मोगलाईच्या काठाला अडकलेली. सगळ्यांची तोंडं गंगेकडे आणि सगळ्यांचे डोळे त्या खुरावर.

ऊन कलल्यावर मी बैल सोडायला मागच्या अंगाला गेलो. गोठ्याच्या मागे ओढा. तिकडे बघितलं. ओढा उलटा चालला होता. रोज तो गंगेकडे वाहायचा, आता गंगा त्याच्यात शिरून पांढरीच्या दिशेला वर वर चढत होती. गोवऱ्या, लाकडं, फेस, सगळं उलट्या बाजूला हळूहळू सरकत होतं. आमच्या वाटेचा मोठा धोंडा, ज्यावर पाय ठेवून आम्ही वर जायचो, तो कधीच बुडालेला. पाणी छातीला लागेल एवढं, आणि रुंदी तिप्पट झालेली.

तेव्हा मला कळलं की नंदीचा खूर ही गंगेची खूण नव्हतीच कधी. ती ओढ्याची खूण होती. जुन्या खुराला पाणी लागलं की इकडे ओढ्यात गंगा शिरायला लागते, वाट अजून उघडी असते, तेवढ्यात निघायचं. ज्याने नेम घातला त्याने पाठीमागची वाट राखण्यासाठी घातला होता. हे आम्हाला सांगायचं राहून गेलं, आणि आम्हीही कधी विचारलं नाही.

मी बैल सोडले आणि धावत पुढे आलो. "आबा! वढा उलटा फिरलाय!"

आबांनी आधी खुराकडे बघितलं. अजूनही. खूर कोरडा होता. मग माझ्या तोंडाकडे बघितलं. मग उठले आणि हाक दिली, "उठाऽऽ!"

आळी उठली. पण निघायला वाट नव्हती.

नावाडीकाकाने डोकं लढवलं. नावेचा घरी ठेवलेला जाड दोर कमरेला बांधून तो ओढ्यात पडला, पलीकडे निघाला आणि दोर चिंचेच्या बुंध्याला बांधला. इकडचं टोक आमच्या गोठ्याच्या मेढीला, म्हणजे मधल्या खांबाला. अंगाने धड होते ते दोर धरून निघाले. वरचे लोक, जे मघा हसत होते, ते आता चिंचेखाली पाण्यात उतरले होते आणि हात धरून एकेकाला ओढून घेत होते. हसणारे आणि ओढून घेणारे तेच. हेही लिहिलं पाहिजे.

पोरं आणि म्हाताऱ्यांसाठी आम्ही गुळाची काहील काढली. उसाचा रस आटवायची लोखंडी कढई, चार-पाच माणसं बसतील एवढी. ती पाण्यावर तरंगते. दोन बाजूंनी दोघांनी धरायची, दोराच्या आधाराने ढकलत न्यायची. मी आक्काला उचलून काहिलीपाशी आणलं.

"हिला आधी," आबा म्हणाले.

"मी कुठं पळून चालले?" आक्का म्हणाली. "पोरं घाला आदी. मला ठिवा हितं जात्यावर."

भोवती पोरांचा कालवा चाललेला. कुंभाराची सून कडेवर तान्हं घेऊन पाण्यात उभी होती. आबांनी एकदा आक्काकडे बघितलं आणि पोरं घातली. पहिली खेप पोरांची. दुसरी म्हाताऱ्यांची आणि लेकुरवाळ्यांची. आक्का जात्यावर बसून होती, पाणी जात्याला लागलं होतं, आणि तिने बगलेत एक कोंबडी धरली होती. मातीच्या भिंती बसायला लागल्या होत्या. धप्प आवाज व्हायचा, धूळ उडायची, आणि ती धूळ पाण्यावर पडायची. दर आवाजाला आक्का सांगायची कोणाचं घर गेलं. तिला आवाजावरून कळत होतं.

तिसरी खेप आक्काची. मी म्हणालो, "कोंबडी टाक."

"अंड्यावरची हाय."

"आक्का, अंडी गेली वाहून."

"पुन्यांदा घालील की. चल तू."

एका अंगाला मी, एका अंगाला आबा, नावाडीकाका पुढे दोरावर. पाणी आता आमच्या गळ्याला. निम्म्यात आलो. तेवढ्यात मागे मोठा आवाज झाला. आक्काने मान वळवली. या वेळी तिने सांगितलं नाही. आमच्याच गोठ्याचं छप्पर बसलं होतं. मेढ उपटली, दोर ढिला पडला, आणि ते छप्पर, वासे, आढं, पाचट सगळं एकगठ्ठा पाण्यावर फिरत आमच्या अंगावर आलं. आढ्याचं टोक काहिलीच्या काठाला बसलं. लोखंडाची काहील. एकदा तिच्यात पाणी घुसलं की ती तरंगत नाही.

मी बुडी मारली. पाणी इतकं गढूळ की डोळे उघडे असून नसल्यासारखे. हाताला काहिलीची कडा लागली, दोर लागला, पाचट लागलं. माणूस लागलं नाही. वर आलो, पुन्हा गेलो. किती वेळा ते विचारू नका. आबाही बुड्या मारत होते. त्यांना नावाडीकाकाने शेंडी धरून वर काढलं आणि ते त्याला मारत होते, सोड म्हणून. कोंबडी पोहत पोहत काठाला गेली आणि कोणाच्या तरी भिंतीवर बसून पंख झाडायला लागली.

दिवस मावळायच्या सुमाराला गंगा थांबली. आक्का त्याआधीच सापडली, पांढरीकडच्याच अंगाला, बाभळीच्या जाळीत. फार लांब गेली नव्हती. पाटलांनी स्वतः पाण्यात उतरून पायाकडून धरलं. ज्या घरच्या बाईने गोणपाट टांगलं होतं ती तांब्याभर पाणी घेऊन आली, खाली बसली आणि आक्काचं तोंड धुतलं. नाकातला, केसांतला गाळ काढला. मी समोर उभा होतो. तिने माझ्याकडे बघितलं नाही. मसणवटा पाण्याखाली होता, म्हणून पाटलांच्या बांधावर जाळली. लाकडं वरच्या गावाने दिली. आळीतलं दुसरं कोणी गेलं नाही. एकटी तीच.

परत येताना चार माणसं माझ्या पुढे बोलत चालली होती. एकजण म्हणाला, "पर नवल बघा. पानी चौथऱ्याच्या काठापत्तुर आलं अन् तितंच थांबलं. नंदीच्या खुराला शिवलं न्हाई. कुंकू सुदीक पुसलं न्हाई."

दुसरा म्हणाला, "नवसाचा चौथरा. राखली देवानं आपली जागा."

"उद्या नारळ फोडला पायजे."

आबा माझ्या शेजारून चालत होते. त्यांनी ते ऐकलं. त्यांचं पाऊल चुकलं, मी दंडाला धरलं तर त्यांनी हात झटकला.

सकाळी उजाडताच मी चिंचेखाली पडलेली कोणाची तरी पहार उचलली आणि ओढ्यात उतरलो. पाणी गुडघ्यापर्यंत उतरलं होतं. खालच्या आळीत भिंतींचे ढीग आणि त्यावर बोटभर नवा गाळ, लोण्यासारखा. मळईचा गाळ. त्यावरून चालत घाटावर गेलो. पाणी चौथऱ्याच्या बुडाशी येऊन टेकलं होतं. नंदी वर बसलेला, कोरडा, कुंकवासकट.

नारळवाले आधीच येऊन पोचले होते, गुरव आरतीचं ताट घेऊन, आणि पाटील. मी पहारीचं टोक चौथऱ्याच्या सांध्यात घातलं तसा गुरव ओरडला, "अरं, सुतक हाय तुला! देवाला शिवू नको!"

"देवाला न्हाई शिवत," मी म्हणालो. "चौथऱ्याला शिवतोय."

"नवसाचा हाय तो," पाटील म्हणाले. आवाजात जोर नव्हता. "माझ्या नातवाचा."

"नातू तुमचा शंभर वर्सं जगू द्या, पाटील. चौथरा जाऊ द्या."

"बाटंल रं सगळं!" गुरव म्हणाला. "कोन तरी धरा ह्याला!"

"धरा की. दोर तिकडं चिंचेलाच हाय, आना. बांधा मला."

कोणी पुढे आलं नाही. मी पहार दाबली. चुना पक्का होता, दगड हलत नव्हता. तळहात फुटले. मागे पाण्यात पावलं वाजली, मला वाटलं आले धरायला. मी वळलो नाही.

"त्या अंगानं न्हाई निघायचा," आबांचा आवाज आला. "डाव्या अंगाचा चुना वला ऱ्हायला हुता. तितनं घाल."

मी डाव्या बाजूला पहार घातली. दगड सुटला. मग दुसरा. आबांनी धोतराचा काचा मारला, उन्हाळ्यात जिथे खांदा लावला होता तिथेच खांदा लावला. त्यांच्या पलीकडे नावाडीकाका येऊन उभा राहिला. चौथऱ्याचा कोपरा ढासळला, नंदी कलला, आमच्या खांद्यावरून घसरत घसरत खाली आला आणि गाळात बसला, जिथे तो आमच्या आज्याच्या आज्यापासून बसत आला होता.

पाणी त्याच्या खुरावरून गेलं. आबा ते बघत उभे राहिले. मी पहार उचलली आणि उरलेला चौथरा फोडायला घेतला.